नाव नसलेली नोंद
(प्रस्तावना)

भिंतीतल्या खिळ्याला एक जाड दोरा अडकवलेला होता आणि त्या दोऱ्यात अकरा डोंगल ओवलेले होते. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर मार्करने लिहिलेलं गावाचं नाव. काही पट्ट्यांवर नावाखाली एकच अक्षर होतं, 'स' किंवा 'ग्रा'. स म्हणजे सरपंच, ग्रा म्हणजे ग्रामसेवक. संगणकासमोर बसलेला मुलगा पंचविशीतला, कामाला वाघ. समोरच्याने गावाचं नाव सांगितलं की तो न बघता दोऱ्यातून नेमका डोंगल काढायचा, यंत्रात खुपसायचा, पिन दाबायचा, आणि मिनिटभरात सरपंचांची डिजिटल सही झालेली असायची. मी बघत होतो तेव्हा ज्यांची सही झाली, त्या सरपंच बाई शेतात सोयाबीन सोंगत होत्या.

"एखाद्याची पिन चुकली तर?" मी विचारलं.

"कायले चुकते भाऊ? साऱ्याईची एकच हाय."

मी सुलतानपूरचा. मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. लोणारचं सरोवर इथून बारा-एक किलोमीटर. वरचा प्रसंग याच टापूतला आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या मुलाला आरोपी करायला मी ही पुस्तिका लिहिलेली नाही. त्याच्यावर कामाचा डोंगर होता, एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार होता, इंटरनेट दिवसातून चार वेळा जात होतं आणि देयक वेळेत नाही गेलं तर बोलणी त्यालाच बसत होती. सगळ्यांनी आपली सही त्याच्या हवाली केली, कारण काम पुढे सरकायला हवं होतं. असंच होतं. चोरीच्या इराद्याने पासवर्ड वाटणारा माणूस मी आजवर क्वचित पाहिला. सोयीसाठी वाटणारे मात्र रोज पाहतो.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी मिळतो, त्याचा खर्च ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून होतो. एकाने देयक तयार करायचं, दुसऱ्याने ते तपासून मंजूर करायचं, आणि दोघांच्या डिजिटल सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नाही. कल्पना जुनीच आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. पण दोन्ही किल्ल्या एकाच दोऱ्यात ओवल्या की दोन कुलपांचं एकच कुलूप होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोनच दिसतात. कागदावर दोन सह्या आहेत. प्रत्यक्षात हात एकच आहे.

या पुस्तिकेचा विषय हा आहे: ज्या खात्यांना यंत्रणेत सगळं करण्याची मुभा असते, ती खाती अनेकजण मिळून वापरतात तेव्हा काय होतं, आणि त्यांची तपासणी कशी करायची. संगणकाच्या जगात त्यांना प्रिव्हिलेज्ड अकाउंट म्हणतात. आपल्याकडे कोणी तसं म्हणत नाही. आपण म्हणतो ॲडमिनचा पासवर्ड, मास्टर आयडी, साहेबांचं लॉगिन. लिनक्सच्या सर्व्हरवर त्याचं नाव रूट, विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये एसए. मी पुस्तिकाभर त्यांना 'किल्लीखातं' म्हटलं आहे. शब्द माझाच आहे, पण अर्थ पटकन कळतो: ज्याच्या हाती ते आहे, त्याला प्रत्येक खोली उघडी आहे, आणि कोण कुठे गेलं हे लिहिणारी वहीसुद्धा त्याच्याच हाती आहे.

ही बाब किती मोठी होऊ शकते, हे महाराष्ट्राने मुंबईत पाहिलेलं आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने शेअर बाजाराला कळवलं की एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे अनधिकृत व्यवहार सापडले आहेत. पुढे हा आकडा १३,००० कोटींच्या वर गेला. शाखा होती फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊसची, आणि नावं गाजली ती नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांची. हिरे, परदेशातली घरं, पळून जाणं, प्रत्यार्पण यांवर इतकं लिहिलं गेलं की मधली साधी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच राहिली नाही. माझ्या दृष्टीने तीच मुख्य आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

आयात करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी बँक तेव्हा एक हमी देत असे, लेटर ऑफ अंडरटेकिंग (मार्च २०१८ मध्ये ही पद्धत बंद झाली). परदेशात शाखा असलेल्या दुसऱ्या बँकेला ती कळवत असे की या माणसाला परकीय चलनात कर्ज द्या, त्याने नाही फेडलं तर आम्ही फेडू. हा निरोप जाई स्विफ्ट नावाच्या जाळ्यातून. स्विफ्टवरून निरोप आला की पलीकडची बँक तो ब्रह्मवाक्य मानते, कारण तो पाठवण्याआधी एकाने लिहिलेला, दुसऱ्याने तपासलेला आणि मंजूर झालेला असतो असं गृहीत आहे. ब्रॅडी हाऊसमध्ये दोन गोष्टी एकाच जागी जुळून आल्या. एक, स्विफ्ट आणि बँकेची रोजची कोअर बँकिंग प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. निरोप बाहेर जाई, पण बँकेच्या खातेवहीत त्याची नोंद कोणी हाताने केली तरच होई. आणि ती केली गेली नाही. दुसरी गोष्ट, लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळे असावेत ही व्यवस्था नावापुरती उरली होती. पासवर्ड या हातातून त्या हातात गेल्याचा आरोप तपासात पुढे आला. शाखेतला एक उपव्यवस्थापक बदलीचे नियम असूनही वर्षानुवर्षं त्याच टेबलावर होता आणि मे २०१७ मध्ये निवृत्त झाला.

उघडकीस आलं ते कसं? जानेवारी २०१८ मध्ये संबंधित कंपन्यांची माणसं नवी हमी मागायला आली. टेबलावर नवा अधिकारी होता. त्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रक्कम तारण म्हणून मागितली. ते म्हणाले, आधी तर कधी असं द्यावं लागलं नव्हतं. आधी म्हणजे कधी, म्हणून त्याने प्रणालीत शोधलं, तर काहीच सापडेना. हमीचे निरोप २०११ पासून बाहेर जात होते, आणि घरात एकही ओळ नव्हती.

मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे: स्विफ्टमध्ये नोंद होती. प्रत्येक निरोप कोणत्या आयडीने लिहिला, कोणत्या आयडीने मंजूर झाला, किती वाजता, हे ती यंत्रणा लिहूनच ठेवते. म्हणजे सात वर्षं पुरावा आपोआप तयार होत होता. तो रोज वाचणं आणि खातेवहीशी ताडून पाहणं, हे काम मात्र झालं नाही. आणि वाचलं असतं तरी पुढचा प्रश्न उरतोच: आयडी अमक्याचा, पण कळ दाबणारं बोट कोणाचं? पासवर्ड वाटला गेला की नोंदीतलं नाव साक्षीदार राहत नाही, नुसता शिक्का राहतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना स्विफ्टच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. हे तिनेच २० फेब्रुवारी २०१८ च्या पत्रकात सांगितलं. त्यानंतर स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत ठरली. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टसंबंधी सूचना न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. छत्तीस बँका, आणि तेही ब्रॅडी हाऊसचं प्रकरण देशभर गाजल्यानंतर. आळस किती खोल मुरलेला असतो ते यावरून कळावं.

हे सगळं मुंबईचं, मोठ्या बँकेचं, आपला काय संबंध, असं मला गावोगावी ऐकायला मिळतं. त्यांना मी शेंदुरसनीचं नाव सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातलं हे गाव, वस्ती दीड हजाराच्या आसपास. २०२५ च्या अखेरीस उघड झालं की या ग्रामपंचायतीच्या आयडीवरून नागरी नोंदणी प्रणालीत अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ ला जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत अनेक कामांना जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. त्या दाखल्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या एका आयडीत असते. एवढ्या नोंदी गावात बसून कोणी केल्या नसणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग तो आयडी कोणाच्या हातात होता? तपास यंत्रणांपुढे पहिला प्रश्न हाच आला, आणि आपल्या कार्यालयांत या प्रश्नाला तयार उत्तर नसतं.

त्याच वर्षी नागपूर विभागात शालार्थ आयडीचं प्रकरण गाजलं. बोगस शिक्षकांना पगार सुरू करून देणारे आयडी शासनाच्या प्रणालीत कोणाच्या लॉगिनने तयार झाले, हाच तिथेही वादाचा मुद्दा झाला. लॉगिन माझं, पण केलं मी नाही. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते खरं की खोटं याचा विचार मी आधी करत नाही. ते खरंही असू शकेल अशी स्थिती कोणी निर्माण केली, हे आधी बघतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जिच्यामुळे ही पुस्तिका लिहिली. आमच्याच जिल्ह्यातली एक पतसंस्था. नाव लिहीत नाही. एका मृत ठेवीदाराचं बंद पडलेलं बचत खातं शनिवारी संध्याकाळी सहा चाळीसला पुन्हा चालू झालं, पत्ता बदलला, आणि सोमवारी त्यातून पैसे निघाले. वारस तीन महिन्यांनी पासबुक घेऊन आले तेव्हा कळलं. मला बोलावलं. मी नोंद उघडली. वापरकर्त्याच्या रकान्यात पाच इंग्रजी अक्षरं होती, ॲडमिन. संगणक मात्र ओळखता येत होता: काउंटर क्रमांक दोन. तिथे एक तरुणी बसायची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता याची यादी मी करायला घेतली. व्यवस्थापक, दोन लिपिक, ती मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीचा दुरून एनीडेस्क लावणारा मुलगा, आणि आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला एकजण, कारण तो गेल्यावर पासवर्ड बदलावा असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तो पेनने लिहिलेलाही होता. संस्थेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. म्हणजे चहावाल्यालाही माहीत असायला हरकत नव्हती.

ती मुलगी सांगत होती की शनिवारी ती सहाच्या एसटीने गावी गेली. वाहकाने दिलेलं तिकीट तीन महिन्यांनी कोण जपून ठेवतं? समोर संचालक बसलेले होते. ती त्यांच्याशी बोलली नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी नव्हते, हे तुमच्या कॉम्प्युटरला माहीत नाही का?"

माहीत नव्हतं. तो संगणक तिच्याबद्दल चांगलं की वाईट, काहीच बोलू शकत नव्हता. तिचं स्वतःचं लॉगिन असतं, आणि ते शनिवारी पाच चाळीसला बंद झालेलं दिसलं असतं, तर त्या एका ओळीने तिला सोडवलं असतं. माझ्या अहवालात मी लिहिलं की व्यवहार कोणी केला हे ठरवता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते वाक्य बिनचूक होतं. संस्थेने रक्कम चौघांच्या पगारातून वळती केली, वर्गणी काढावी तशी, आणि दोन महिन्यांनी त्या मुलीने नोकरी सोडली. गावात काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको.

तेव्हापासून मी सगळीकडे एकच सांगत आलो आहे. लॉग म्हणजे चोर पकडायचं जाळं, अशी आपली समजूत आहे, आणि म्हणून कर्मचारी त्याला घाबरतात, 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून रागावतात. पण चोराला लॉगची पर्वा नसते, तो दुसऱ्याच्याच नावाने आत शिरतो. नोंदीची खरी गरज ज्याने काही केलेलं नाही त्याला असते. वाटलेला पासवर्ड पहिल्यांदा त्याचीच साक्ष पुसतो. चौघांत एक पासवर्ड असणं हे विश्वासाचं लक्षण आहे असं म्हणणाऱ्यांनी, पैसे गेल्यानंतर त्या चौघांचे एकमेकांकडे बघणारे डोळे पाहावेत.

आपल्या भाषेला ही गोष्ट नवी नाही. 'शिक्कामोर्तब झालं' असं आपण येता-जाता म्हणतो. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा उठवत आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरं असलेला तो छोटा शिक्का म्हणजे लेखनाची हद्द. त्याच्याखाली कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती बाहेरची हे उघड व्हावं. शिक्का सांगतो हे कोणाच्या अधिकाराने निघालं, मोर्तब सांगतं की नंतर यात कोणी हात घातलेला नाही. आज आपण ज्याला ऑडिट ट्रेल म्हणतो त्याच्याही याच दोन बाजू आहेत: नोंदीला नाव हवं, आणि ती नंतर बदलता येऊ नये. जिजाऊंचं जन्मस्थान ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कचेऱ्यांत डिजिटल शिक्का दोऱ्यात ओवून टांगलेला असावा, याचं मला मनापासून दुःख होतं. कागदपत्र मूळ नोंदीशी ताडून पाहण्याला आपण अजून 'रुजुवात' म्हणतो. शब्द जिवंत आहे, ब्रॅडी हाऊसला नेमकं तेच झालं नाही.

आता तांत्रिक भाग. तो पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथे फक्त त्याचा गाभा मांडतो.

लिनक्सच्या सर्व्हरवर रूटचा क्रमांक शून्य असतो. पाचजण थेट रूट म्हणून शिरले तर नोंदीत पाचही वेळा शून्यच दिसतो. म्हणून पहिला नियम: रूटचं थेट लॉगिन बंद. प्रत्येकाने आपल्या नावाने आत यायचं आणि जिथे गरज असेल तिथे सुडो या आज्ञेने तेवढ्यापुरता अधिकार घ्यायचा. मग नोंद म्हणते, अमुक माणसाने अमुक वाजता रूटच्या अधिकाराने अमुक आज्ञा दिली. याहून बारीक सोय लिनक्सच्या ऑडिट यंत्रणेत आहे, आणि मला ती फार आवडते. तुम्ही पहिल्यांदा ज्या नावाने दारातून आत आलात, तो क्रमांक ती तुमच्या प्रत्येक कृतीला चिकटवून ठेवते. पुढे तुम्ही रूट झालात, आणखी कोणी झालात, तरी तो दारातला क्रमांक बदलत नाही. त्याला ऑडिट युआयडी म्हणतात. विंडोजमध्ये विशेष अधिकाराने झालेला प्रवेश वेगळ्या रीतीने दिसतो: ४६२४ क्रमांकाची घटना म्हणजे कोणीतरी आत आलं, आणि पाठोपाठ ४६७२ दिसली की आलेल्याच्या हातात विशेष अधिकार आहेत. या दोन क्रमांकांची रोजची यादी जरी एखाद्याने डोळ्यांखालून घातली, तरी निम्मी तपासणी झाली.

पण रूट नोंदही पुसू शकतो. हे बहुतेकजण विसरतात. वही ज्याच्या ताब्यात, त्याच्याच विरुद्धची ओळ वहीत टिकेल कशी? फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८१ दशलक्ष डॉलर फिलिपाइन्सला गेले, तेव्हा चोरांनी स्विफ्टच्या पावत्या छापणारा प्रिंटरच गप्प केला होता. हैदराबादच्या सत्यम कंपनीत सात हजारांहून जास्त खोटी बिलं सुपर युजरच्या अधिकाराने इतरांच्या नजरेआड ठेवली होती असं सीबीआयच्या तपासात निघालं. म्हणून नोंदीची प्रत घडताक्षणीच दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे, आणि त्या यंत्राची किल्ली पहिल्या यंत्राच्या ॲडमिनकडे असता कामा नये. मोठ्या संस्था यासाठी पासवर्डची तिजोरी वापरतात. किल्लीखात्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो; लागेल तेव्हा कारण लिहून तो तासाभरासाठी घ्यायचा, पडद्यावर जे केलं त्याचं चित्रण होतं, आणि परत केला की पासवर्ड आपोआप बदलतो.

घड्याळाचं महत्त्व वेगळं सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. दोन यंत्रांची घड्याळं अकरा मिनिटांनी वेगळी होती आणि मी एका निर्दोष माणसाला अर्धा दिवस प्रश्न विचारत बसलो. देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यांत यंत्रांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवा, लॉग १८० दिवस जपा आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, असं स्पष्ट सांगितलं आहे. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचं असंच सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. आणि डोंगल वाटणाऱ्यांसाठी: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे डिजिटल सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीधारकाची आहे. पोरगा कितीही विश्वासू असो, कायद्याच्या लेखी ती सही सरपंचांचीच. दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड फसवणुकीने वापरला तर कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये आणली. दोन महिने आधी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली होती. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचं वैधानिक लेखापरीक्षण सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली होतं, आणि तिथे लेखापरीक्षक व्हाउचर, थकबाकी, तारण बारकाईने पाहतो, वापरकर्त्यांची यादी सहसा मागत नाही. ती मागावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. यादी आणि हजेरीपट शेजारी ठेवा. यादीत जे नाव आहे आणि हजेरीपटावर नाही, तो सोडून गेलेला माणूस किंवा सॉफ्टवेअरवाला. जे नाव माणसाचंच नाही, ते किल्लीखातं. लेखापरीक्षण अहवालात या दोन ओळी आल्या की संचालक मंडळाला दोष दुरुस्ती अहवालात उत्तर द्यावं लागतं.

तीन माणसांच्या संस्थेला पासवर्डची तिजोरी कुठून परवडणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी मी लिफाफा सांगतो. ज्याचं त्याला वेगळं लॉगिन, ते बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं. ॲडमिनचा पासवर्ड दोघांनी अर्धा-अर्धा टाकायचा, कागदावर लिहून लिफाफ्यात घालायचा, चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या सह्या, आणि लिफाफा तिजोरीत. उघडला की वहीत तारीख, वेळ, कारण, कोणी उघडला, कोणासमोर, आणि काम झाल्यावर नवा पासवर्ड, नवा लिफाफा. सॉफ्टवेअरवाला दुरून यंत्रात शिरणार असेल तर त्याचं नाव आणि कॉल किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, हे त्याच वहीत. चाळीस पानी वही पुरते. ज्या दोन-तीन संस्थांनी हे केलं, त्यांच्या वहीत पहिल्या महिन्यात नऊ-दहा नोंदी होत्या आणि सहाव्या महिन्यात एखादी. म्हणजे रोज ॲडमिनने शिरायची गरजच नव्हती, ती नुसती सवय होती.

पुढची प्रकरणं या क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांनी डिजिटल सहीचं प्रकरण आधी वाचावं, पतसंस्थेतल्यांनी लिफाफ्याचं, सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी लॉगचं. सरपंच, अध्यक्ष, मुख्याध्यापक यांनी निदान पहिलं वाचावं, कारण नाव त्यांचं वापरलं जातं.

मागच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या खिळ्यापाशी गेलो होतो. दोऱ्यात चार डोंगल उरले होते. बाकीचे त्या मुलाने ज्याचे त्याला नेऊन दिले, काहींनी घेतले, काही अजून 'राहू दे रे तुझ्याजवळच' म्हणतात. मी बसलो असतानाच सोयाबीनवाल्या सरपंच बाई आल्या. डोंगल कनवटीच्या पिशवीत, रुमालात बांधलेला. त्यांनी स्वतः तो लावला, पिनचे आकडे एकेक करून दाबले. पोरगा म्हणाला, "ताई, तीन देयकं हायेत, खाली सही म्हना." त्यांनी चष्मा लावला आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला. पहिलं देयक वाचायला पाच-सहा मिनिटं गेली. मागे दोघं सातबारा काढायला ताटकळत उभे होते. दुसरं वाचलं, सही केली. तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे राहू द्या आज. हे काम झालं का नाही, ते मी आधी पाहून येते."

सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलडाणा